नाव सांगा, पूर्ण सांगा

सरकारी ऑफिसात जुन्या फायली ठरावीक वर्षांनी जाळून टाकतात. त्याचा वेगळा नियम असतो, वेगळं रजिस्टर असतं, साहेबाची सही असते. किश्श्यांसाठी मात्र असली काहीच सोय नाही. ते आपले साठतच जातात. महसूल खात्यात मी सगळी नोकरी कारकुनीत काढली आणि त्यातला निम्मा वेळ एकच वाक्य म्हणण्यात घालवला, "नाव सांगा, पूर्ण सांगा." आता रिटायर होऊन बसलोय. चहाच्या टपरीवर कुणी नुसतं स्वतःचं नाव सांगितलं तरी मला त्यावरून एखादा किस्सा आठवतो. बायको म्हणते, "लोक तुम्हाला नाव सांगायला भ्यायलेत!"

माझंच घ्या. माणिक टाळकुटे. आमच्या सात पिढ्यांत कुणी टाळ हातात धरलेला नाही. वडील तर कीर्तन सुरू झालं की तंबाखू आणायला उठायचे, ते दुसऱ्या दिवशीच दिसायचे. चुलते सांगतात की पणजोबांच्या डोक्यात भांडणात कुणीतरी टाळ घातला, तेव्हापासून हे आडनाव पडलं. म्हणजे टाळ दुसऱ्याचा, कुटणाराही दुसराच. आडनाव तेवढं आम्हाला!

*

माझं पहिलं पोस्टिंग कंधारला. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गावंच्या गावं आली होती आणि मला मस्टर भरायला बसवलं होतं. डोक्यावर टोपी, खिशात पेन, लग्न व्हायचं होतं.

बायकांच्या रांगेत एकच अडचण. नवऱ्याचं नाव कोणी घेत नसे. बोटानं दाखवायच्या. वर बोट केलं की मी सूर्यभान लिहायचो, खडीकडे केलं की धोंडिबा. आठवडाभरात मी या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास व्हायला लागलो होतो.

एक बाई आली. तोंडावर पदर. विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिनं सरळ माझ्याकडे बोट केलं.

"पेन?" म्हटलं. पेन असं नाव कुणाचं नसतं हे मलाही कळत होतं, पण सुरुवात कुठून तरी करायला पाहिजे.

मान हलवली. न्हाई.

"टोपी? कागद? बटन?"

न्हाई. बोट माझ्यावरच. मागच्या बायका खुसखुसायला लागल्या. मला घाम फुटला. म्हटलं, "बाई, मी काय केलंय तुमचं?" तशी सगळी रांग खाली बसून हसायला लागली.

तेवढ्यात लांबून मुकादमानं हाक मारली, "ओ माणिकराव! च्या घ्यायला या!"

बाईनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "हां! त्येच! त्येच की हो!"

दुसऱ्या दिवशी तलाठी तपासणीला आले. मस्टर वाचता वाचता थांबले. वर माझं नाव, खाली 'पती: माणिक'. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "टाळकुटे, मंडळींना असं उन्हात खडी फोडायला लावता?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा किस्सा विसरलो असतो. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. हे तलाठी पंगतीत जेवले, पान खाल्लं, आणि निरोप घ्यायला नव्या नवरीपाशी जाऊन अगदी काळजीनं विचारतात, "थोरल्या न्हाई आल्या का?"

*

कंधारला असतानाच एकदा मतदार याद्या तपासायला मला माहूरला पाठवलं. माहूरच्या याद्या तपासणं म्हणजे शिक्षाच. प्रत्येक घरात एक रेणुका असतेच, देवीचं गाव आहे. पण गडाखालच्या एका घरात गेलो तर यादीत ओळीनं चार!

ओट्यावर घरधनी म्हातारा बसला होता. मी विचारलं, "रेणुकाबाई कोण?"

आतून एकदम चार बायका बाहेर आल्या. एक म्हाताऱ्याची बायको, तीन सुना.

म्हातारा म्हणाला, "त्येंच्या त्येंच्या मायबापांनी नवसानं ठेवलेली नावं हायेत. मी एकीचंबी ठेवलं न्हाई."

"आणि तुमच्या मुलांची नावं?"

"थोरला रेणुकादास, मधला रेणुकाप्रसाद."

"धाकटा?"

"दत्ता."

"तो का वेगळा?"

म्हाताऱ्यानं गडाकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "दोगं आईच्या नावानं केले. दोगंबी कामाला हात लावत न्हाईत. म्हनलं, आता दत्ताला बगू."

"आणि दत्ता?"

"त्यो झोपलाय."

याद्या जुळवून झाल्या. निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, घरात चार रेणुका. हाक कशी मारता?"

"मारतच न्हाई. नुस्तं 'पानी' म्हनतो. जिला वाटंल ती आनती."

"आणि कुणालाच नाही वाटलं तर?"

"मग मी उटतो."

*

पुढे लातूर जिल्हा नवा झाला. माझी सासुरवाडी शिरूर अनंतपाळची, त्यामुळे बदलीसाठी ऑप्शन कुठला द्यायचा हे माझ्या हातात नव्हतं. लातूरला आलो तर ऑफिसात सगळंच नवं आणि सगळंच कमी. एका टेबलाला दोन कारकून. शिक्क्यावर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव, ते ब्लेडनं खरवडून आम्ही बरेच दिवस चालवलं.

तिथल्या आमच्या सेक्शनची माणसं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अव्वल कारकून हसनाळे अप्पा. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अक्षर मोत्यासारखं, आणि हसणं अजिबात नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, "अप्पा, आडनाव हसनाळे आणि तुम्ही कधी हसत नाही!" अप्पा म्हणाले, "हसनाळ आमचं गाव आहे. गाव हसतं का?" झालं, विषय संपला.

दुसरे हमीदसाब. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचायला ठेवलेले. रिटायर झाले होते, पण उर्दू वाचणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून बोलावलं की यायचे. आणि तिसरा शिपाई लिंबाजी. हा आधी गावात दवंडी द्यायचा. यानं व्हरांड्यात नाव पुकारलं की समोरच्या हॉटेलातली माणसं हातातला वडा ठेवून उभी राहायची.

आमच्यावर एक साहेब आले पुण्याकडचे. सहस्रबुद्धे. माणूस शिस्तीचा. एक दिवस अप्पांनी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'चिंतलवार भेटायला येणार.' साहेबांनी बेल मारून लिंबाजीला बोलावलं.

"हा चिंतलवार कधी असतो?"

लिंबाजीनं विचार केला. चिंतलवार उदगीरचे व्यापारी, त्याच्या ओळखीचे. म्हणाला, "बुधवारी, साहेब."

साहेबांनी डायरीत नोंद केली. दुसऱ्या आठवड्यात एक अर्ज आला, खाली सही मामिडवार. साहेबांनी अप्पांना आत बोलावलं. "हसनाळे, चिंतलवार म्हणजे बुधवार. मग हा गुरुवार का?"

अप्पांनी चेहरा सरळ ठेवून सगळं समजावलं. चिंतल म्हणजे चिंच, मामिडी म्हणजे आंबा. ही तेलंगणाकडून आलेली आडनावं. वार म्हणजे तिथले, त्या घराचे.

साहेब वैतागले. "म्हणजे चिंचेवाले आणि आंबेवाले! मग सरळ तसं म्हणायला काय होतं? असली कसली आडनावं?"

अप्पा म्हणाले, "साहेब, ते लोकही कालच विचारत होते."

"काय?"

"सहस्रबुद्धे म्हणजे नक्की किती?"

*

हमीदसाबांचा किस्सा मी शंभर वेळा सांगितलाय, एकशे एकाव्यांदा ऐका.

दोन सख्खे भाऊ. थोरला नाना, धाकटा बाबा. दोघं साठीच्या पुढचे, शेजारी शेजारी राहायचे आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. भांडण विहिरीवरच्या शेताचं. आजोबांनी ते एका नातवाला लिहून दिलं होतं, कागद उर्दूत. नाना म्हणायचा माझं नाव आहे, बाबा म्हणायचा माझं. शेवटी कागद घेऊन दोघं आमच्याकडे आले. बसले ते दोन टोकांना दोन बाकांवर.

हमीदसाबांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "गडबड है माणिकराव."

"काय झालं?"

"उर्दू में नाना और बाबा लिखने को एकच है. वही लकीर, वही अलिफ. टिंब वर दिया तो नाना, नीचे दिया तो बाबा."

"मग टिंब कुठंय?"

"वही तो! पानी लग्या है कागज को. टिंबच नई रहे."

नाना धावत आला. "हाय की! वर हाय! हे काय!" हमीदसाबांनी हळूच फुंकर मारली. टिंब उठून चालायला लागलं. मुंगी होती.

तसा बाबा धावला. "खाली बगा! खाली काळं दिसायलंय!" हमीदसाबांनी नखानं खरवडलं. ती त्यांच्याच नाकातली तपकीर निघाली.

दोन्ही भाऊ आता टेबलापाशी उभे, खांद्याला खांदा लागलेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हमीदसाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, कागद उजेडाकडे धरला आणि एकेक अक्षर लावत म्हणाले, "एक टिंब वर है... एक नीचे है... ना... बा. नाबा. नाबा लिखेला है इसमें."

"नाबा कोन?" बाबानं विचारलं.

हमीदसाब भिंग पुसायला लागले. नाना मात्र मटकन बाकावर बसला. म्हणाला, "माय आसंच म्हनायची. दोगांला एकदम हाक मारताना. 'नाबा, जेवाया या रे.'"

बाबानं टोपी काढली आणि तोंड पुसलं. मग नानाकडे न बघता म्हणाला, "तू आधी पळायचास. माज्या ताटात काय ऱ्हायचं न्हाई."

"तू बारका व्हतास. हळू पळायचास."

दोघांनी शेत दोन्ही नावांवर करायचा अर्ज त्याच दिवशी दिला. अर्ज मीच लिहिला. ते गेल्यावर मी हमीदसाबांना विचारलं, "खरंच नाबा दिसलं तुम्हाला?"

हमीदसाबांनी भिंग डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली.

"मोतीबिंदू है मेरे कू. दो साल से कुच नई दिखता."

*

नवा जिल्हा झाला म्हणून पाऊस काही नवा आला नाही. टंचाई पुन्हा लागली. टँकरची शाखा उघडली आणि तिथे जो अधिकारी दिला त्यांचं आडनाव कोरडे!

माणूस चांगला. कामाला वाघ. पण एका गावचे सरपंच चार माणसं घेऊन मोठ्या साहेबांकडे शिष्टमंडळ म्हणून आले. "आमचं कोरडे साहेबांबद्दल काय म्हननं न्हाई. पर कागदावर वर लिवतेत 'पाणी मंजूर' आन खाली सही 'कोरडे'. कसं यावं पानी? साहेब बदलून द्या."

मोठे साहेब हसून हसून बेजार झाले. योगायोगानं बदल्या चालूच होत्या, कोरडे निलंग्याला गेले. त्यांच्या जागी आले ढगे.

गावानं ढगे साहेबांना हार घातले. ढगे साहेब जीपमधून उतरले, सगळ्यांवर गडगडले, आणि निघून गेले. टँकरचं पुढं बघू म्हणाले.

महिन्याभरात ढगेही गेले आणि ऑर्डर निघाली पावसे यांची. आता मात्र गावाला खात्री झाली. पावसे साहेबांचा पहिला दौरा ठरला तेव्हा सरपंचांनी बँड सांगितला. बायका आरत्या घेऊन वेशीत उभ्या. पावसे आलेच नाहीत.

सरपंच तसेच आमच्याकडे आले, फेटा काखेत. "अप्पा, कोरडे साहेब कुटं आसतेत आता?"

"निलंग्याला."

"त्येंनाच आना परत. कोरडे व्हते तवा दोन दिसाआड टँकर येत व्हता. ह्या पावसेला काय झालंय?"

अप्पांनी ड्रॉवरमधून पावसे साहेबांचा रजेचा अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. सरपंचांनी बोट ठेवून वाचला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरी पाण्याची अडचण.'

*

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा आहे की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

एक विशीतला तरुण आणि त्याचे वडील ऑफिसात आले. कांबळे. पोरगा डीएड करून मास्तर झाला होता, ऑर्डर हातात होती. शाळेच्या दाखल्यावर नाव होतं 'मिलो उकंडा कांबळे.' त्याला मिलोचं मिलिंद करून पाहिजे होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं.

मी दाखला वाचला. मिलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी. खाल्लेली माणसं अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मी आपलं गमतीनं विचारलं, "मिलोच्या पोत्यावर जन्म झाला का काय?"

वडील म्हणाले, "न्हाई साहेब. आमी मिलिंदच ठिवलं व्हतं. आमच्या धम्मातलं नाव हाय. शाळेत घालायला नेलं तर मास्तर हासला. म्हनला, मिलो खाऊनच जगलाव की रे, मिलोच लिवतो."

माझं हसू तिथेच राहिलं.

नायब तहसीलदार आतून सही करायला आले. कागद बघून म्हणाले, "मिलिंद म्हणजे काय हो?"

"राजा व्हता साहेब. लई प्रश्न इचारायचा."

"आणि तुमचं नाव उकंडा. म्हणजे?"

वडिलांनी साहेबांकडे शांतपणे बघितलं. "ह्येचा अर्थ आजपातूर कुनी इचारला न्हाई. ऐकलं की कळतंय समद्यांना."

उकंडा म्हणजे उकिरडा. मुलं जगत नसली की लोक अशी नावं ठेवत. आणि काही वस्त्यांमधली मुलं जगली तरी गाव त्यांना अशीच नावं ठेवत असे. साहेबांनी मान खाली घालून सही केली.

मी शिक्का मारला. कागद पोराच्या हातात दिला. पोरगा हलेना.

"साहेब, वडिलांचं नाव बदलायला वेगळा फॉर्म लागतो का?"

वडील गडबडले. "माजं कशाला? माजं झालं की आता. मला सवय हाय."

"मला न्हाई झाली," पोरगा म्हणाला.

अप्पांनी हातातलं काम बाजूला सारलं. त्यांनी ड्रॉवर उघडलं, दुसरा फॉर्म काढला, आणि स्वतः लिहायला बसले. "काय लिहू?"

बापलेक व्हरांड्यात जाऊन बराच वेळ बोलले. परत आले ते 'उत्तम' हे नाव घेऊन. मी विचारलं, "उत्तमच का?"

वडील लाजले. "मला सही येत न्हाई, साहेब. नुस्ता 'उ' काडता येतो."

*

आणि आता ती म्हातारी.

भर उन्हाळा होता. तिच्या गावात टँकर यायचा, पण गर्दी इतकी की गावानं ठरवून टाकलं, रेशनकार्ड दाखवील त्यालाच पाणी. मुलगा आणि सून बांधकामावर हैदराबादला गेलेले, कार्ड त्यांच्यासोबत गेलेलं. म्हातारीला शेजारणी एखादी घागर द्यायच्या, पण रोज कोण देणार? म्हणून ती स्वतःचं कार्ड काढायला आमच्याकडे आली. सत्तरीची असेल. टेबलाला धरून उभी राहिली.

मी पेन उचललं. "नाव सांगा, पूर्ण सांगा."

"कुनाचं?"

"तुमचं, आजी."

"भीमाची माय."

"ते झालं भीमाचं. तुमचं?"

"मारुती ढवळ्याची बायको."

"ते झालं मारुतीचं!"

म्हातारी विचारात पडली. "मग ऱ्हायलं काय?"

मी म्हटलं, "बारशात काहीतरी ठेवलं असेल की."

"माय बाळंतपनातच गेली. बारसं कोन घालनार? मामीनं वाडिवलं. ती 'ए' म्हनायची."

"बरं, लग्नात नवऱ्यानं ठेवलं असेल."

"इचारलं व्हतं मी. म्हनला, ठिवू की, काय घाई हाय?"

"मग?"

"मग पटकीची साथ आली आन त्योच गेला."

मी जुनं रजिस्टर काढून बघितलं. त्यात तिच्या नवऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पत्नी: एक.' बस, एवढंच.

अप्पांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "आजी, तुम्ही म्हणाल ते नाव लिहितो."

"मी म्हनंल ते?"

"हो."

"देवाचंच पायजे आसं न्हाई?"

"नाही."

"लांब आसलं तरी चालंल?"

"चालेल."

म्हातारीनं पदर सावरला. "मग उद्या सांगते. आसं उब्याउब्या न्हाई सुचायचं."

ती गेली आणि सेक्शनमध्ये चर्चा सुरू. लिंबाजी म्हणाला, गोदावरी. हमीदसाब त्या दिवशी आलेले होते, ते म्हणाले, "लक्ष्मी बोलेगी, देख लेना." मी पार्वतीवर ठाम होतो. अप्पा म्हणाले, "कामं करा."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली. डोक्याला तेल लावून केस चापून बसवलेले, लुगडं धुतलेलं. पाण्याचे इतके हाल असताना धुतलेलं. ती सरळ अप्पांकडे गेली, टेबलावर वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग दौतीतलं पेन काढलं, जे ते फक्त वरच्या ऑफिसला पत्र लिहिताना काढायचे, आणि लिहिलं. लिहून झाल्यावर फॉर्म आमच्याकडे फिरवला.

'राजकन्या मारुती ढवळे.'

कोणीच हसलं नाही. लिंबाजी उगाच खिडकी पुसायला लागला.

पंधरा दिवसांनी कार्ड तयार झालं. वाटपाचा दिवस, व्हरांड्यात ही गर्दी. मी आत बसून कार्डं देत होतो, लिंबाजी दारात उभा राहून पुकारत होता. तिची पाळी आली. लिंबाजीनं छाती भरून घेतली.

"राजकन्याऽऽ मारुती ढवळेऽऽ!"

सगळ्या व्हरांड्याच्या माना वळल्या. समोरच्या हॉटेलातून दोनचार पोरं रस्ता ओलांडून बघायला आली, कोण येतंय म्हणून. कोणीच पुढं आलं नाही.

"राजकन्याऽऽ मारुती ढवळेऽऽ!"

कोणी नाही. लिंबाजीनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पुकारायची खूण केली. त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं, असं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

मी काळजीनं बाहेर आलो. बघतो तर म्हातारी दाराशेजारच्या बाकावर, लिंबाजीच्या अगदी पायाशी. हात मांडीवर ठेवलेले, पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले.

"अहो आजी! तुमचंच नाव पुकारायलाय तो! ऐकू येत न्हाई का?"

"यायलंय की," ती डोळे न उघडताच म्हणाली. "म्हनू द्या त्येला आजून येकदा."